धाब्यावरचा अँटेना, आभाळातला उपग्रह

मागच्या अंकात मी ‘प्रथम’बद्दल लिहिलं होतं. मुंबईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांनी बांधलेला, सुमारे दहा किलोंचा उपग्रह. २६ सप्टेंबर २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३५ या रॉकेटने तो वर नेला. वातावरणाच्या वरच्या भागात, म्हणजे आयनांबरात, किती मोकळे इलेक्ट्रॉन आहेत हे मोजण्यासाठी तो बांधला होता. लेख छापून आला आणि पत्रं सुरू झाली, फोन आले, अमळनेरच्या बाजारात भरताची वांगी निवडत असताना दोघांनी थांबवून विचारलं. एकतीस वर्षं मी या भागातल्या कनिष्ठ महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकवलं. एका महिन्यात इतके मनापासून विचारलेले प्रश्न माझ्याकडे कधी आले नव्हते. जागेत बसतील तेवढ्यांना इथे उत्तर देतो, बाकीच्यांना पोस्टाने लिहीन.

प्रश्न : सर, उपग्रह फिरतो तिथे हवा नसते असं आम्हाला शिकवलं. मग ‘प्रथम’ वातावरण कसं मोजणार? जे नाहीच ते कसं मोजायचं?
– इयत्ता सहावीतली विद्यार्थिनी, साक्री

उत्तर : बाळा, तुझा प्रश्न मी मुद्दाम सगळ्यांत आधी घेतला. तो सुटला की पुढचे सगळे सोपे होतात.

हवेला शेताच्या बांधासारखी कड नसते. वर जावं तशी ती विरळ होत जाते. शंभर किलोमीटरवर ती जमिनीवरच्या हवेच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी उरते, पण उरते. तुमच्याकडे बाजरी उफणताना तू पाहिलं असशील. दाणे पायाशी पडतात, भुसा लांब जातो. खाली वारे हवा सतत ढवळत असतात, म्हणून नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकजीव असतात. शंभर किलोमीटरच्या वर ती ढवळाढवळ थांबत जाते आणि वायू आपापल्या वजनाने वेगळे व्हायला लागतात. आधी ऑक्सिजनचे सुटे अणू, त्यांच्या वर हेलियम, त्याच्याही वर हायड्रोजन.

ही विरळ हवा ‘नाहीच’ असं समजणं महागात पडतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे ४९ उपग्रह एकदम सोडले गेले. सुरुवातीला ते जेमतेम दोनशे किलोमीटरवर फिरत होते. त्याच सुमारास सौर वादळ आलं, वरची हवा तापून फुगली, त्या उंचीवर ती नेहमीपेक्षा दाट झाली आणि ४९ पैकी ३८ उपग्रह तिच्या विरोधामुळे खाली येऊन जळून गेले. चारशे किलोमीटरवरच्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकालासुद्धा हीच हवा हळूहळू खाली ओढते. म्हणून त्याला अधूनमधून इंजिनाने वर ढकलावं लागतं.

आता ‘प्रथम’मुळे काय मोजायचं होतं ते. सूर्याची अतिनील किरणं त्या विरळ हवेतल्या अणूंवर पडतात आणि त्यांच्यातला एखादा इलेक्ट्रॉन सुटा होतो. खाली, दाट हवेत, तो लगेच कुणाला तरी चिकटला असता. वर शेजारी लांब असल्यामुळे तो बराच वेळ मोकळा राहतो. साधारण साठ किलोमीटरपासून पुढे शेकडो किलोमीटरपर्यंत असे मोकळे इलेक्ट्रॉन पसरलेले आहेत. डोळ्यांना ते दिसत नाहीत. पण रेडिओलहरींना दिसतात.

मला हे पुस्तकातून नाही, आमच्या धाब्यावर कळलं. उन्हाळ्यात आम्ही सगळे घराच्या मातीच्या धाब्यावर झोपायचो. आबांचा ट्रान्झिस्टर उशाशी असायचा आणि त्यावर शॉर्टवेव्हला रेडिओ सिलोन लागायचं. कोलंबो इथून सोळाशे किलोमीटर दूर. पृथ्वी गोल आहे, मग सरळ जाणारी लहर तिथून आमच्या धाब्यावर उतरते कशी, असं मी आबांना विचारलं. ते म्हणाले, “वरे काहीतरी शे, तठे आपटीसन येस.” वर काहीतरी आहे, त्याच्यावर आपटून येतं. आबा चौथी शिकलेले होते. त्यांचं उत्तर बरोबर होतं.

प्रश्न : आम्ही रोव्हरने, म्हणजे जीपीएससारख्या उपग्रहांवरून जागा काढणाऱ्या यंत्राने, जमीन मोजणी करतो. सकाळी दहा-अकराला रोव्हर चटकन फिक्स होतो, जागा पक्की दाखवतो. दुपारी दोननंतर तेच मशीन, तेच सिमकार्ड, तेच शिवार, पण फ्लोटवर, म्हणजे अंदाजे जागेवर, अडकून राहतो. शेतकरी ताटकळतात, वाद होतात. विक्रेते म्हणतात मोबाइलची रेंज बघा. तुमच्या लेखातल्या इलेक्ट्रॉनांचा याच्याशी काही संबंध?
– खाजगी मोजणीदार, धुळे

उत्तर : संबंध असू शकतो, आणि तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस दुसरं काही करू शकलो नाही. आधी साध्या गोष्टी तपासा. रेंज पुरेशी आहे, वर झाडाची फांदी नाही, उपग्रह भरपूर दिसतात, बेस (माहीत असलेल्या जागेवर ठेवलेलं जोडीचं यंत्र) फार लांब नाही. एवढं ठीक असूनही दुपारीच गाडी अडत असेल तर मग वर बघायला हवं.

जीपीएसच्या उपग्रहाचा संदेश आयनांबरातून खाली येतो. वाटेत मोकळे इलेक्ट्रॉन जितके जास्त, तितका त्याला उशीर. शास्त्रज्ञ हे असं मोजतात : एक चौरस मीटर तळाचा एक उभा खांब आभाळात उभा केला असं समजा आणि त्या खांबात किती इलेक्ट्रॉन आहेत ते मोजा. एकावर सोळा शून्यं इतके इलेक्ट्रॉन म्हणजे एक एकक. एका एककामागे जीपीएसच्या मुख्य लहरीत सुमारे सोळा सेंटिमीटरची चूक येते. रात्री आठ-दहा एककं असतील, तर सूर्य जोरात असलेल्या वर्षी दुपारी शंभरापर्यंत जाऊ शकतात. शंभर एककं म्हणजे सोळा मीटर. तुमचा बेस आणि रोव्हर जवळ असतील तर दोघांच्या चुका सारख्या असतात आणि वजाबाकीत जातात. पण दहा-वीस किलोमीटरच्या अंतरातच इलेक्ट्रॉनांची संख्या बदलत असेल, तर वजाबाकी पूर्ण होत नाही आणि रोव्हर फिक्स होत नाही. ही संख्या दिवसभरात साधारण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान सगळ्यांत वर असते. तुमची वेळ जुळते आहे.

आता यातली आपल्या खानदेशाची गोष्ट. मला ही सगळ्यांना सांगायची होती, तुम्ही निमित्त दिलंत.

सूर्य वर डोक्यावर असलेल्या विषुववृत्ताच्या पट्ट्यात इलेक्ट्रॉन सर्वांत जास्त असावेत असं कुणालाही वाटेल. तसं नाही. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. तिथे दिवसा विद्युतक्षेत्रामुळे इलेक्ट्रॉन वर उचलले जातात आणि मग चुंबकीय रेषांवरून घसरत उत्तरेला आणि दक्षिणेला उतरतात. कारंजाचं पाणी मध्ये उसळतं आणि दोन्ही बाजूंना पडतं, तसं. जिथे ते पडतं तिथे ढीग जमतो. उत्तरेकडचा ढीग आपल्या देशात गुजरात आणि मध्य प्रदेशावर, अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात जमतो. कधी तो थोडा उत्तरेला सरकतो, कधी दक्षिणेला. आपण २१ अंश उत्तरेला, म्हणजे या ढिगाच्या दक्षिण उतारावर बसलो आहोत. उतारावर म्हणजे जिथे थोड्याच अंतरात संख्या झपाट्याने बदलते तिथे. तुमच्या रोव्हरला नेमकं हेच नको असतं.

आपल्या देशाचा अवकाश कार्यक्रम याच चुंबकीय विषुववृत्तासाठी थुंब्याला सुरू झाला. विक्रम साराभाईंनी केरळातलं ते मासेमारांचं गाव निवडलं कारण चुंबकीय विषुववृत्त तिथून जातं. २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिलं रॉकेट उडालं ते वरच्या हवेचा अभ्यास करायलाच. गावातलं चर्च त्यांचं पहिलं कार्यालय झालं. उपग्रह, चांद्रयान, मंगळयान सगळं नंतर आलं. वातावरण आधी होतं.

आणि आता ‘प्रथम’ची रीत. कडुलिंबाला दोरी बांधा, दुसरं टोक हातात घेऊन वर-खाली झटका द्या. दोरीतली लाट उभी जाते, आडवी होत नाही. ‘प्रथम’च्या रेडिओलहरी अशाच एका दिशेत हलणाऱ्या होत्या. एक १४५.९८ मेगाहर्ट्झची, दुसरी ४३७.४५५ ची. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात असलेल्या इलेक्ट्रॉनांतून जाताना त्या लाटेची दिशा हळूहळू फिरते. कमी कंपनांची लहर जास्त फिरते, जास्त कंपनांची कमी. दोन्हींत तीनाचं प्रमाण आहे, म्हणून फिरण्यात नऊचं प्रमाण येतं. जमिनीवर दोन आडवे-उभे अँटेना लावून दोन्ही लहरी किती फिरल्या ते ताडायचं, त्यावरून वाटेतले इलेक्ट्रॉन निघतात.

नीट पाहिलंत का? ‘प्रथम’ वर काहीच मोजत नव्हता. तो फक्त बोलायचा. मोजमाप खाली व्हायचं, ज्याच्या गच्चीवर अँटेना आहे त्याच्याकडे. म्हणूनच त्या मुलांनी देशातल्या वेगवेगळ्या महाविद्यालयांना अँटेना उभारायला शिकवलं. जितक्या गच्च्या, तितक्या जागांवरचा नकाशा. ढिगाच्या उतारावर, धुळ्यात, शिरपुरात, जळगावात असे अँटेना कायमचे असतील तर त्यांच्या नोंदींना मोल आहे. दिल्ली-मुंबईच्या नोंदींनी ही जागा भरून निघत नाही.

तोपर्यंत तुम्ही एक करा. रोज कुठल्या शिवारात, किती वाजता, बेसपासून किती लांब, फिक्स व्हायला किती मिनिटं लागली, एवढ्या चार गोष्टी वहीत लिहा. आणि जमेल तेव्हा वादाच्या मोजण्या सकाळी ठेवा.

प्रश्न : मे महिन्यात वादळाने माझी केळीची अर्धी मृगबाग आडवी झाली. घड निसवलेले होते. असे छोटे उपग्रह कॉलेजांनी बांधले तर वादळाची, गारपिटीची वेळेवर खबर मिळेल का?
– केळी उत्पादक शेतकरी, रावेर

उत्तर : दादा, खोटी आशा लावणार नाही. विद्यार्थ्यांचा दहा किलोंचा उपग्रह तुम्हाला गारपीट सांगणार नाही. तो दिवसातून काही वेळा, दहा-बारा मिनिटांसाठी आपल्या आभाळात येतो. सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंतचं आपलं सगळं तापीखोरं तो पंधरा सेकंदांत ओलांडतो. वादळाला डोळ्यांत तेल घालून बघणारा पहारेकरी लागतो. ते काम इन्सॅट मालिकेचे उपग्रह करतात. १७ फेब्रुवारी २०२४ ला गेलेला इन्सॅट-३डीएस त्यातला. ते ३६ हजार किलोमीटरवर आपल्या डोक्यावर स्थिर राहून ढग बघत असतात. गारांचे ढग तास-दोन तासांत उठतात, त्यांच्यासाठी जमिनीवरची रडारंही लागतात.

पण छोटे उपग्रह अगदीच बाजूला आहेत असंही नाही. जीपीएसचा संदेश पृथ्वीच्या कडेवरून, हवेच्या थरांतून तिरका जातो तेव्हा थोडा वाकतो. किती वाकला यावरून त्या हवेचं तापमान आणि ओल काढता येते. टोरांटो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या कॅनएक्स-२ या साडेतीन किलोंच्या उपग्रहावर असा प्रयोग होता, आणि तो २८ एप्रिल २००८ रोजी आपल्याच पीएसएलव्हीने नेला. आज जगातल्या हवामान केंद्रांच्या अंदाजांत अशा वाकलेल्या संदेशांची माहिती रोज घातली जाते. समुद्रावरून येणारी वाफ किती, हे नीट कळलं तर आपल्याकडचा अंदाज सुधारतो. तुमच्या बागेपर्यंत त्याचा फायदा पोहोचतो, पण असा वळसा घेऊन.

प्रश्न : आम्हा सात-आठ मुलामुलींना कॉलेजमध्ये उपग्रह बांधायचा आहे. हरितगृह वायू मोजणारा. मार्गदर्शक सर म्हणतात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये हे बसणार नाही. आम्ही काय करावं?
– अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, शिरपूर

उत्तर : तुमचे सर बरोबर सांगताहेत, पण म्हणून थांबू नका.

‘प्रथम’चं काम २००७ मध्ये सुरू झालं आणि उड्डाण २०१६ मध्ये. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ २००८ मध्ये सुरू झाला आणि २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ ने गेला. दहा सेंटिमीटर बाजूचा, एक किलोच्या आतला ठोकळा, आणि त्यामागे आठ वर्षं. ज्यांनी पहिला आराखडा काढला ती मुलं उड्डाणाच्या दिवशी नोकरीत, संसारात होती. ज्यांनी शेवटचा स्क्रू बसवला ती मुलं सुरुवातीला शाळेत होती. एका तुकडीने दुसरीला शिकवायचं, लिहून ठेवायचं, सोपवायचं. आपल्या वाडवडिलांनी लावलेली आंब्याची झाडं आपण खाल्ली, तसं हे काम आहे. हे मान्य असेल तरच सुरू करा.

हरितगृह वायूंसाठी तुमच्यापुढे दोन चांगली उदाहरणं आहेत. चेन्नईच्या एसआरएम विद्यापीठाचा एसआरएमसॅट १२ ऑक्टोबर २०११ ला गेला, सुमारे अकरा किलोंचा. ‘स्वयम्’बरोबर त्याच रॉकेटवर सत्यभामा विद्यापीठाचा दीड किलोंचा सत्यभामासॅट होता. दोन्हींवर वर्णपटमापक होते. तत्त्व असं : सूर्यप्रकाश जमिनीवर पडून परत वर जातो, वाटेत कार्बन डायऑक्साइड, मिथेन, पाण्याची वाफ आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश गिळतात. परत आलेल्या प्रकाशात जिथे जिथे खाचा दिसतात, तिथून कोणता वायू किती ते काढायचं. कार्बन डायऑक्साइडची एक चांगली खाच १.६ मायक्रॉनच्या आसपास, अवरक्त पट्ट्यात आहे. सत्यभामासॅटवरचं यंत्र पाव किलोच्या आतबाहेर वजनाचं होतं.

अवघड काय आहे ते सांगतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सुमारे २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेला आहे. हा फरक अडीचशेक वर्षांत मोठा वाटतो, पण एका जागेवरून दुसऱ्या जागेवरचा फरक दोन-चार भागांचा असतो. तो पकडायचा तर यंत्र नीट जुळवलेलं हवं आणि उपग्रह स्थिर हवा. ‘स्वयम्’मध्ये आत चुंबक ठेवून उपग्रहालाच होकायंत्राच्या सुईसारखं वागायला लावलं होतं, वीज खर्च न करता. संवादासाठी ते पुरतं. तुम्हाला यंत्र सतत जमिनीकडे रोखून धरायचं आहे, म्हणजे फिरणारी चाकं किंवा विद्युतचुंबकाच्या वेटोळ्या लागणार, आणि त्यांना वीज लागणार.

वीज किती मिळते ते वहीवर मांडा, सगळे पहिल्यांदा इथेच थक्क होतात. वर एका चौरस मीटरवर सुमारे १३६० वॉट ऊन पडतं. दहा सेंटिमीटर बाजूच्या एका तोंडावर साडेतेरा वॉट. चांगले सौरघट त्यातला पाव भाग विजेत बदलतात, म्हणजे साडेतीन वॉट, तेही तोंड थेट सूर्याकडे असताना. दर फेरीतली पस्तीसेक मिनिटं पृथ्वीच्या सावलीत जातात. एवढ्यात संगणक, रेडिओ, यंत्र, बॅटरी तापवणं, सगळं भागवायचं.

आणि एक दुःखाची गोष्ट लपवणार नाही. विद्यार्थ्यांचे किती तरी उपग्रह रॉकेटपासून सुटल्यावर एक शब्दही बोलले नाहीत. कुठे अँटेना उलगडला नाही, कुठे बॅटरी संपली, कुठे कारण कधीच कळलं नाही. वर जाऊन डाख देता येत नाही. म्हणून खालीच थरथराटाच्या, निर्वातातल्या गरम-थंडीच्या चाचण्या पुन्हा पुन्हा कराव्या लागतात. ज्या मुलांनी आठ वर्षं दिली आणि शेवटी शांतता ऐकली, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. त्यातल्या पुष्कळांनी पुढे उत्तम उपग्रह बांधले.

माझा सल्ला : उलट्या बाजूने सुरू करा. आधी जमिनीवरचं केंद्र बांधा. पहिल्या वर्षी दुसऱ्यांचे उपग्रह ऐका, त्यांच्या बॅटरीचा विद्युतदाब, तापमान उलगडायला शिका. त्यात उपग्रह आजारी कसा पडतो हे आपोआप समजतं. जोडीला दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढा, पुढे उपग्रहाशी बोलायला तो लागणारच. मग दुसरं कॉलेज सोबत घ्या. १४ फेब्रुवारी २०२२ ला गेलेला इन्स्पायरसॅट-१ हा आठ किलोंचा उपग्रह तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अवकाशविज्ञान संस्थेने कोलोरॅडो, सिंगापूर आणि तैवानच्या विद्यापीठांबरोबर मिळून केला. त्यावर आयनांबर मोजणारं यंत्र होतं. चार देश-विद्यापीठं एकत्र येऊ शकतात तर शिरपूर, धुळे आणि जळगाव नक्कीच येऊ शकतात. आपलं बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावला आहेच.

पहिली तुकडी म्हणून तुमच्या वाट्याला उड्डाण येणार नाही. पण सगळ्यांत महत्त्वाची वही तुमच्याच हातची असेल.

प्रश्न : माझा नातू दहावीत आहे. रात्री-अपरात्री गच्चीवर सळया लावून कानाला हेडफोन लावून बसतो. विचारलं तर म्हणतो उपग्रह ऐकी रायनू. त्यातून काही किरणं अंगावर येतात का? आणि अभ्यासाचं काय?
– एक आजी, पारोळा

उत्तर : ताई, किरणांची काळजी सोडा. त्याचा अँटेना नुसता ऐकतो, काही बाहेर टाकत नाही. आभाळातून येतं तेही अतिशय क्षीण असतं. शेकडो किलोमीटर लांबून, वॉटभर ताकदीने. मात्र वळवाचे दिवस आले की गच्चीवरची धातूची सळई धोक्याची असते. ढग दिसले, गडगडलं, की सळई उतरवायची आणि खाली यायचं, एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या. गच्चीला कठडा नसेल तर अंधारात त्याच्याजवळ कुणीतरी थांबा.

अभ्यासाचं म्हणाल, तर त्याला विचारा की आज उपग्रह कुठून आला आणि किती वाजता. तो हातवारे करून दिशा दाखवील, कोन सांगेल, वेग सांगेल. ते दहावीच्या पुस्तकातलंच आहे. जमलं तर एकदा तुम्हीही हेडफोन लावून बघा.

प्रश्न : आयटीआयच्या मुलांकडून असा अँटेना करून घ्यायचा आहे. साहित्य, मापं सांगाल का?
– निदेशक, शहादा

उत्तर : आनंदाने. हवामान उपग्रह १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. त्यांच्यासाठी ॲल्युमिनियमच्या ५३ सेंटिमीटरच्या दोन सळया घ्या. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या, १२० अंशांच्या कोनात, जमिनीला समांतर बसवा. सळया एकमेकींना चिकटू देऊ नका, मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा किंवा वायरमनची कनेक्टर पट्टी ठेवा. एका सळईला केबलची मधली तार, दुसरीला बाहेरची जाळी. अक्षराचं उघडं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवा, कारण हे उपग्रह ध्रुवांवरून फिरणारे आहेत. १४५ मेगाहर्ट्झच्या विद्यार्थी उपग्रहांसाठी सळई साधारण ५१ सेंटिमीटर, ४३७ साठी १७. मुलांना कारण विचारा : तीस कोटी मीटरला कंपनसंख्येने भागा, आलेल्या लांबीचा साधारण चौथा भाग. केबलचं दुसरं टोक संगणकाच्या यूएसबीत बसणाऱ्या एसडीआर डोंगलला, म्हणजे संगणकाला रेडिओ बनवणाऱ्या छोट्या यंत्राला. उपग्रह कधी येणार ते सांगणारी मोफत सॉफ्टवेअरं आहेत.

एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्या. भुसावळ स्टेशनात न थांबणारी गाडी शिट्टी देत निघून जाते तेव्हा येताना शिट्टी उंच वाटते, जाताना बसकी. उपग्रहाचंही तसंच होतं. तो सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर पळतो. ४३७ मेगाहर्ट्झवर येताना त्याची लहर सुमारे दहा किलोहर्ट्झ वर सरकलेली असते आणि जाताना तेवढीच खाली. पडद्यावर ती रेष सरकताना दिसते. ती सरकली नाही तर समजा, तुम्ही शेजाऱ्याचा चार्जर ऐकताय.

माझ्या स्वतःच्या पहिल्या तीन संध्याकाळी नुसत्या खरखरीत गेल्या. मी डोंगल बदलला, अँटेनाची दिशा बदलली. चौथ्या दिवशी केबलचा जोड उघडला तर आत पाणी. आदल्या आठवड्यातल्या पावसाचं. जोड वाळवला, रबरी टेप घट्ट गुंडाळली. जूनच्या त्या सकाळी नोआ-१५ हा अमेरिकेचा हवामान उपग्रह उत्तरेकडून चढला आणि घड्याळासारखी टिकटिक सुरू झाली. एका सेकंदाला दोन ओळी, अशा ओळींवर ओळी जमत पडद्यावर आधी हिमालय उतरला, मग खंभातचं आखात, सौराष्ट्राचं टोक, आणि खाली अरबी समुद्रावर मान्सूनच्या ढगांची दाट पांढरी कड. आपल्याकडे अजून पेरणीची वाट बघत होते. मी चित्र छापून दुसऱ्या दिवशी वर्गात नेलं आणि ढगांची कड आणि अमळनेर यांच्यातलं अंतर मुलांनी पट्टीने मोजलं. नोआ-१५ आता नाही, २०२५ मध्ये तो आणि त्याचे सोबती बंद करण्यात आले. रशियाचे मेटिओर उपग्रह त्याच पट्ट्यात अजून चित्रं पाठवतात.

तुमच्या मुलांनी पहिली फेरी ऐकली की तारीख, वेळ, दिशा आणि कंपनसंख्या लिहून माझ्याकडे पाठवा. धुळ्याच्या मोजणीदारांनीही आपली वही पाठवावी. दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी छापायची संपादकांनी परवानगी दिली आहे.